कानवालीचा अंगठा

४ सप्टेंबर, गुरुवार

सूनबाईनं आज टीव्हीचा आवाज कमी केला. न विचारता! मी बघतेय, पडद्यावर बाई हंबरडा फोडतेय, आणि एकदम ती मुकी रडायला लागली. मी रिमोट घेतला, वाढवला. तिनं कमी केला. मी वाढवला. शेवटी ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी विसळता विसळता म्हणाली — "म्हातारीनं घर डोक्यावर घेतलंय."

मी इथून म्हटलं, "अजून नाही घेतलं. घेईन तेव्हा सांगून घेईन!"

तिच्या हातातलं भांडं पडायचं राहिलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, अजून विसरते — तिचे ओठ दिसले की मला पुरतं.

उभा जन्म मागावर गेला माझा. कापडाचा कारखाना. एका छपराखाली शेकडो माग, सगळे एकदम खडखडणारे. तिथं कोणी कोणाशी आवाजानं बोलत नव्हतं. तोंड मोठं उघडायचं, शब्द नीट घडवायचा, आवाज काढायचाच नाही. काढून करायचं काय? समोरच्या मागावर एक उंच बाई असायची, लांबडी म्हणायचो तिला. तिच्या नवऱ्याच्या सगळ्या भानगडी मला पाठ. पण तिचा आवाज कसा होता विचारलं तर सांगता येणार नाही.

मुलगा म्हणाला, "आई, एकदा कान दाखवून येऊ." मी म्हटलं, "तू आधी डोकं दाखवून ये."

एकटी भिंगरी माझ्या बाजूनं. माझी नात. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं, आता कमावती झाली तरी तेच. टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसून जेवत होती. म्हणाली, "असू दे ना मोठा. मला काही त्रास होत नाही."

घरात एकीला तरी माया आहे.

५ सप्टेंबर

कानातला किडा आज फार किरकिरतोय. कारखाना कधीच बंद पडला. माझ्या कानातला चालूच आहे — याला सुट्टी नाही, काही नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

आज मरत होते.

रस्ता ओलांडत होते. रिकामा होता — पुढून. मागून पाण्याचा टँकर उलटा येत होता. फळवाल्यानं दंड धरून ओढलं म्हणून वाचले. पिशवी गेली चाकाखाली. ड्रायव्हर उतरला आणि मोठं तोंड करून माझ्या सात पिढ्या काढल्या. सगळ्या वाचल्या मी. मग त्याच्या चौदा काढल्या. लोक हसायला लागले तेव्हा गेला गुपचूप.

फळवाला म्हणे किती वेळ भोंगा वाजवत होता तो. असेल. मला नाही आला ऐकू. पण हे इथंच लिहिते, त्यांना नाही सांगणार.

एवढं लिहून उठले, तर मुलाला आधीच कळलं होतं. फळवाल्याच्या पोटात काही राहत नाही. आता माझं काही चालायचं नाही. बुधवारी कानवालीकडे.

१० सप्टेंबर, बुधवार

गेले. बघितलं. जिंकले!

जिना चढून वर. छोटी खोली, त्यात आणखी एक काचेची खोली, फडताळाएवढी. आत खुर्ची. कानवालीनं माझ्या कानांवर दोन वाट्या चढवल्या आणि म्हणाली, "आजी, आवाज आला की हात वर करायचा. कितीही बारीक असला तरी." पोरगी बरी आहे, तोंड उघडून बोलते. मग दार लावून बाहेर तिच्या यंत्रापाशी बसली. मी काचेतून तिच्याकडे बघत.

आवाज कसला नि काय. कानात फक्त माझा किडा. म्हटलं, संपलं — आता हे लोक माझ्या कानात शेंगदाण्याएवढं काहीतरी खुपसणार आणि सूनबाई सगळ्या बिल्डिंगला सांगणार.

मग दिसलं. कानवाली बटण दाबते तेव्हा तिचा अंगठा खाली जातो. आणि अंगठ्याच्या आधी किंचित खांदा हलतो.

जिनं शंभर मागांच्या गोंधळात नुसतं बघून ओळखलं कुठला धागा तुटणार, तिला एक अंगठा भारी? अंगठा खाली — माझा हात वर. अंगठा खाली — हात वर. मध्ये मध्ये एखादा मुद्दाम सोडला, शंका नको म्हणून.

कानवालीनं कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, यंत्राला एक चापट मारली. "आजी, या वयात असे कान मी तर पाहिले नाहीत!" बाहेर माणसं खोळंबली होती. झालं.

मुलाचा चेहरा असा पडला की विचारू नका. "मग घरी काय होतं तुला?"

"घरी तुम्ही ऐकण्यासारखं काही बोलत नाही."

११ सप्टेंबर

भिंगरीला सांगितलं. अंगठ्याचं, खांद्याचं, सगळं. पोट धरून हसली. "आजी, तू महाचोर आहेस!" परत परत करून दाखवायला लावलं. मी खुर्चीत, ती कानवाली. चमच्याचं बटण.

१४ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते मला आवडलं नाही.

भिंगरी खिडकीत बसून कानात गाणी घालून पाय हलवत होती. कामावर जाता येता बसमध्येही तेच. बस घरघरते म्हणून गाणी त्याच्या वरताण लावते. मी म्हटलं, बघू तरी काय ऐकतेस. तिच्या कानातलं एक काढून माझ्या कानात घातलं.

शब्द न शब्द ऐकू आला. मला!

तबला, पेटी, बाईचा गळा, सगळं. चटकन काढलं. भिंगरी म्हणाली, "छान आहे ना?" मी म्हटलं, "छान आहे."

मला जे ऐकू येतं ते शहाण्या कानाला सहन होत नाही. सूनबाई म्हणते की टीव्हीनं तिचं डोकं उठतं. मुलगा दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. आणि ही पुढ्यात बसून जेवते — मला काही त्रास होत नाही. मी त्याला माया समजले.

१५ सप्टेंबर

नसेल. उगाच काहीतरी. तरुण पोरं लावतातच मोठ्यानं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

तपासायचं ठरवलं. भिंगरी आरशासमोर केस विंचरत होती. मी मागं दारापाशी उभी राहिले, आरशात दिसणार नाही अशी, आणि अगदी हळू म्हटलं, "भिंगरे, तुझा पट्टा खाली पडलाय."

भिंगरी वळली. मला बरं वाटलं. पण न्हाणीघरातून मुलगा ओरडला (हे सूनबाईनं नंतर सांगितलं), "आई, काय झालं? किंचाळतेस का?"

माझं हळू हे असं! मला माझाच आवाज कळत नाही, तर मी दुसऱ्याचे कान काय तपासणार.

१७ सप्टेंबर, बुधवार

नाक मुठीत धरून सूनबाईकडे गेले. या घरात चालते कान तिचेच.

सांगितलं. वाटलं, टोमणा मारेल. ती ओट्याला टेकून उभीच राहिली. मग म्हणाली, "आई, किटली शिट्टी मारमारून थकते, ती शेजारी बसून हलत नाही. दारावरची घंटा वाजली तरी उठत नाही. मी म्हणायचे, आळशी झालीय. वाटेल ते बोलले हो तिला."

"बोलणं पण मोठं झालंय का गं तिचं? मला कळत नाही."

"कधीचंच! पण ते तुमच्यासाठी म्हणून..."

मग तिनं किटली चढवली. भिंगरी टेबलापाशी नखं कापत होती, आमच्याकडे पाठ. मला किटली ऐकू येत नाही, मी सूनबाईचं तोंड बघत उभी. सूनबाईनं मान हलवली — वाजतेय. वाफ वर चालली. भिंगरी नखं कापतेय. सूनबाईनं परत मान हलवली. भिंगरी नखं कापतेय.

गॅस मीच बंद केला.

१८ सप्टेंबर

भिंगरीला आडून आडून विचारलं. पत्र्याच्या डब्यांची झाकणं ठोकतात तिच्या कारखान्यात. ठोकायच्या यंत्राला प्रेस म्हणतात; तिच्याकडे छोटा प्रेस, तीन वर्षं झाली. कामाची पाळी संपली की कानात बोळा बसल्यासारखं होतं म्हणाली. "सकाळपर्यंत उतरतं, आजी."

माझंही उतरायचं. मग दुपारपर्यंत उतरायचं. मग रविवारपर्यंत. मग रविवारीही उतरेना.

कानावर घालायच्या वाट्या आहेत तिथं, खुंटीला टांगलेल्या. घातल्या की घाम येतो, मुकादमाची हाक कळत नाही, आणि जी घालते तिला बाकीच्या 'राणीसरकार' म्हणतात. म्हणून त्या खुंटीच्याच कानावर.

"सवय होते गं. तुला नाही झाली?"

झाली. तेच तर.

आणि आणखी एक सांगितलं, उड्या मारत. पहिल्या तारखेपासून तिला मोठ्या प्रेसवर घेणार. पगार वाढणार, हाताखाली दोघी. त्या प्रेसला सगळे 'तोफ' म्हणतात. फक्त आधी कान तपासून घेतात.

मी म्हटलं, बरं. तपासू देत. आपोआप कळेल. मला वाईट व्हायला नको.

२० सप्टेंबर, शनिवार

पास!

भिंगरी दारातूनच ओरडत आली. कारखान्यातच आली होती तपासणारी बाई, एका खोलीत काच लावून. सगळ्या मुलींची तपासणी झाली आणि हिचे कान सगळ्यांत चांगले निघाले. सूनबाईनं माझ्याकडे बघितलं, डोळ्यांत पाणी. "आई, आपलंच चुकलं." तिला हायसं वाटलं. मलाही दोन मिनिटं वाटलं.

मग मी सहज विचारलं, "कोण होती गं तपासणारी? आमचीच का?"

"माहीत नाही. अंगठ्याला निळी पट्टी होती तिच्या. कापलं असेल."

बाईचं नाक नाही सांगितलं. केस नाही सांगितले. अंगठा सांगितला!

जी ऐकते ती डोळे मिटते, नाहीतर छताकडे बघते. अंगठा कोण बघतं ते मला शिकवू नये कोणी. चमच्याचं बटण करून मीच शिकवलंय.

२१ सप्टेंबर, रविवार

जेवताना भांडलो. आवाज न काढता.

मुलगा आमच्या मध्ये बसून जेवत होता. त्याला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मी मागावरचं बोलणं काढलं. भिंगरीला ते बोलता येण्याआधीपासून येतं.

मी म्हटलं — अंगठा बघितलास.

ती — काय?

— नाटकं नकोत. निळी पट्टी.

तिनं घास खाली ठेवला. — तू बघितलास तर जिंकलीस, मी बघितला तर चोर?

— माझं उरलंय काय जायचं? तुझे कान गेलेत, भिंगरे. तोफेवर गेलीस तर उरलेलेही जातील.

— तुझे पण गेले. तू मेलीस का? संसार केलास, पोर वाढवलंस, सगळ्यांना पुरून उरलीस. तुला काय कमी पडलं?

मी सांगणार नव्हते. पण तोंड उघडलंच होतं.

— तुझा आजोबा गेला तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडला होता. शेवटचं काहीतरी बोलला. पाठ हलली म्हणून कळलं बोलतोय. मी फिरून पलीकडे जाईपर्यंत संपलं होतं. काय बोलला ते मला आजतागायत माहीत नाही. ओठ दिसले तर सगळं येतं, नाही दिसले तर भिंत.

तेवढ्यात मुलानं पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "दिवा मालवा म्हणाले होते."

आम्ही दोघी त्याच्याकडे बघायला लागलो.

"बाबा. मी पायाशी बसलो होतो ना. डोळ्यांवर उजेड येतोय, दिवा मालवा, म्हणाले."

इतकी वर्षं मी काय काय कल्पना केल्या! आणि मेला दिव्यासाठी कुरकुरत गेला. मला हसू आलं. मग हसता येईना.

आणि मग डोक्यात आलं — म्हणजे याला आमचं बोलणं वाचता येतं! अर्थात येणार. माझ्याच कडेवर शिकला, मीच विसरले. म्हणजे गेली वीस वर्षं या टेबलावर मी याच्याबद्दल जे जे बोलले...

"हो," तो म्हणाला. "सगळं. 'बिनकण्याचा' पण."

मग तो भिंगरीकडे वळला आणि तोंड मोठं न करता, साध्या आवाजात म्हणाला, "तोफेवर जायचं नाही." ती म्हणाली, "माझे कान, माझं काम!" आणि उठून गेली. दार आपटलं असणार. भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

२३ सप्टेंबर

बोलत नाही माझ्याशी. आवाजानंही नाही, ओठांनीही नाही. मुलगा म्हणतो, "कारखान्यात जाऊन सांगतो." सूनबाई म्हणते, "सांगाल आणि पोरगी घर सोडेल." दोघांचंही खरं आहे. मी घरभर फेऱ्या मारतेय. एक काम धड होत नाही. दोनदा चहा केला, दोनदा विसरले.

पहिली तारीख काही थांबत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज परत कानवालीकडे गेले. भिंगरीला म्हटलं, तुझी दुपारची पाळी आहे, जिना चढायला हात दे. आली. तोंड फुगवून, पण आली.

कानवालीला म्हटलं, "पुन्हा तपास."

"आजी, तुमचे कान तर छान..."

"मागच्या वेळी मी तुझा अंगठा ऐकत होते, बाई."

तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा कपाळाला हात लावला. मी खुर्ची उलटी फिरवली, काचेकडे पाठ केली आणि बसले. भिंगरीला मुद्दाम कानवालीच्या शेजारी बसवली होती. बघ म्हटलं.

समोर पांढरी भिंत. कानात किडा. दुसरं काही नाही. मी हात मांडीवर घेऊन बसले. इतकं रिकामं कधी वाटलं नव्हतं. कधीतरी खोल पाण्यातून यावं तसं एक घूं आलं, हात वर केला. आणखी एक. बाकी भिंतच.

बाहेर आले तर भिंगरीचा रंग उडाला होता. तिनं बघितलं होतं ना — अंगठा दाबतोय, दाबतोय, आणि आजीचा हात मांडीवर.

कानवाली म्हणाली, आधी बारीक आवाज जातात, शिट्ट्या, घंटा, पोरांचं बोलणं. माणसाला कळतही नाही, कारण ढोबळ ऐकू येत राहतं. "आवाजाची सवय होते म्हणतात ना, आजी, ती सवय नसते. कानातलं मरत असतं. जे गेलं ते परत येत नाही. उरलेलं सांभाळता येतं — कान झाकून, गोंगाटातले तास कमी करून." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. माझं काय सांभाळायचं! पण भिंगरी तिचे ओठ बघत होती. एक शब्द सोडला नसेल.

मी खुर्चीकडे बोट केलं. "बसतेस?"

"मला उशीर होतोय," म्हणाली आणि जिना उतरून गेली. मला न धरता.

कानात घालायचं यंत्र घेतलं मी. शेंगदाण्याएवढंच आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

काय हे! चपला घासतात, नळ गळतो, कागद चुरचुरतो, मुलगा जेवताना मचमच करतो. हे सगळं आधीपासून होतं? सूनबाईचा आवाज गोड आहे. तिला नाही सांगणार.

संध्याकाळी भिंगरी आली आणि तिचं बोलणं ऐकलं. "आई, वाढ!" एवढंच म्हणाली. मी दचकले. मागावरची बाई घरी येऊन बोलते तसा आवाज. माझा असा आहे म्हणे. हिचा असा कशाला?

२९ सप्टेंबर

सूनबाई विचारत होती, "परवा तिला अडवायचं का?" मी म्हटलं नाही. अडवून कोणाचे कान वाचत नाहीत.

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी भिंगरी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "चल. जिना चढायला हात दे." तिनंच माझा दंड धरला, पण धरून कोण होतं ते मला माहीत आहे.

खुर्ची तिनं स्वतः फिरवली. काचेकडे पाठ. मी कानवालीच्या शेजारी.

अंगठा खाली गेला. भिंगरीचा हात मांडीवर. अंगठा खाली. हात मांडीवर. अंगठा खाली. कानवालीनं एक खटका फिरवला, पुन्हा दाबलं. हात मांडीवरच.

वर कर. वर कर गं, भिंगरे. आता. आत्ता! — मी काचेला तोंड लावून म्हणत होते, मोठं तोंड करून, आवाज न काढता.

तिची पाठ होती.